बाळ दूध ओढत नाही तेव्हा: काय करावे, काय टाळावे

जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी. कपाटाच्या दारावर चिकटवा. आईने एकदा वाचावे, घरातल्यांनी दोनदा.

काय करावे

*पहिले दिवस*

- जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्या. सिझेरियन झाले असले तरी नर्सच्या मदतीने हे जमते.
- पहिला घट्ट, पिवळसर चीक पाजाच. पहिल्या दिवशी चमचाभर दुधाने बाळाचे पोट भरते.
- चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजा, रात्रीसुद्धा. रात्रीच्या पाजण्यावर दिवसाचे दूध टिकते.
- भूक आधी ओळखा: मुठी चोखणे, जीभ बाहेर काढणे, तोंड इकडेतिकडे फिरवणे. रडणे ही शेवटची खूण आहे.
- रडून लाल झालेल्या बाळाला आधी उघड्या छातीवर घेऊन शांत करा, मग पाजा.
- झोपाळू बाळाला सुरुवातीचे काही आठवडे तीन तासांनी उठवा: दुपटे सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा.
- कावीळ दिसत असेल तर जास्त वेळा पाजा; दूध पोटात गेले की शी होते आणि कावीळ शीवाटे उतरते.

*बाळाला अंगावर घेताना*

नव्वद तक्रारी सोडून आधी इथे बघा. दुखणे, चिरा, अपुरे दूध, न वाढणारे वजन, यांतले बरेचसे चुकलेल्या पकडीतून येते.

- पाठ भिंतीला किंवा लोडाला टेकवून बसा आणि मांडीवर उशी घ्या. वाकून पाजलेत तर मान आणि कंबर दोन्ही धरतील.
- बाळाचे पोट तुमच्या पोटाला लावा. कान, खांदा, कंबर एका रेषेत हवे.
- बाळाचे नाक स्तनाग्रासमोर ठेवा, वरच्या ओठाला स्तनाग्र लावा आणि जांभईएवढा मोठा आ होईपर्यंत थांबा.
- आ झाला की बाळाला चटकन छातीकडे आणा. हनुवटी आधी टेकू द्या.
- स्तनाग्रासोबत भोवतालचा काळसर भागही तोंडात जाऊ द्या, खालच्या बाजूचा जास्त.
- खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले आणि गिळण्याचा आवाज, हे तिन्ही असेल तर तसेच पिऊ द्या.
- टकटक आवाज आला, गालाला खळ्या पडल्या किंवा पाजल्यावर स्तनाग्र चपटे, पांढुरके दिसले तर पकड चुकली आहे. सोडवा आणि पुन्हा लावा, कितीही वेळा करावे लागले तरी.
- सोडवताना करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा. ओढून काढलेत तर चीर पडते.
- एक बाजू पुरती रिकामी होऊ द्या, मग दुसरी द्या. पुढच्या वेळी दुसरीपासून सुरुवात करा.
- सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचे अंग काखेखाली घेऊन पाय पाठीमागे जाऊ द्या. जुळ्यांनाही ही दुसरी पद्धत सोयीची.
- एकदा नर्स, आशाताई किंवा स्तनपान सल्लागार यांच्यासमोर पाजून दाखवा. फोनवर पकड तपासता येत नाही.

*स्तनाग्र सपाट, चिरलेले*

- स्तनाग्र आत वळलेले असेल तर पाजण्याआधी बोटांनी हलके बाहेर काढा. बाळ भोवतालच्या भागावर पिते, त्यामुळे बहुतेकींचे अडत नाही.
- तेवढ्याने भागले नाही तर सिरिंजची युक्ती नर्सकडून शिकून घ्या: नव्या सिरिंजचे सुईकडचे टोक कापायचे, दट्ट्या कापलेल्या बाजूने घालायचा, गुळगुळीत बाजू स्तनाग्रावर ठेवून हळूच ओढायचे.
- चिरा पडल्या तर पकड सुधारा आणि पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्या.
- कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा. भुकेचा पहिला जोर तिकडे निघून जातो.
- आग होत असेल आणि बाळाच्या जिभेवर, गालांच्या आत न निघणारे पांढरे ठिपके असतील तर दोघांनीही एकाच वेळी औषध घ्या; एकट्याने घेतले तर बुरशी परत येते.
- जीभ बाहेर निघत नसेल किंवा टोकाशी बदामासारखी खाच पडत असेल तर जिभेखालचा पडदा तपासून घ्या.

*छाती दाटली, गाठ आली*

- पाजण्याआधी काही मिनिटे कोमट पाण्याचा कपडा ठेवा, पाजून झाल्यावर गार. कोबीचे गार पान ठेवले तरी बरे वाटते.
- छाती दगडासारखी झाली आणि बाळाला धरताच येत नसेल तर काळसर भागाभोवती बोटांनी मिनिटभर आत दाबून धरा, थोडे दूध काढा, मग लावा.
- लाल, गरम, दुखरा पट्टा आला तरी त्या बाजूने पाजत राहा. ते दूध बाळाला बाधत नाही.
- थंडी वाजून ताप आला किंवा २४ तासांत गाठ नरमली नाही तर डॉक्टरांकडे जा, पू होण्याची वाट न पाहता.

*दूध पुरत नाही असे वाटते*

- दुधाऐवजी शू मोजा: पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त ओले लंगोट म्हणजे दूध पोहोचते आहे.
- शीचा रंग बघा. काळपट-हिरवी शी पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे.
- वजन एकाच काट्यावर, कपडे काढून करा; पहिल्या दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत घटते, पण दोन आठवड्यांत जन्माच्या आकड्यावर यायला हवे.
- त्यानंतरचे तीन महिने आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढ धरा.
- आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. वजन त्यांच्याकडून करून घ्या आणि शंका तेव्हाच विचारा.
- संध्याकाळी बाळ तासातासाला मागत असेल तर देत राहा; अशी मागणी पुढच्या दिवसांचे दूध वाढवते.
- दूध खरोखरच कमी ठरले तर जास्त वेळा लावा, दोन्ही बाजू द्या, पाजल्यानंतर हाताने काढा आणि दिवसातून तासभर बाळाला उघड्या छातीवर ठेवा.
- आईने भुकेइतके पोटभर खावे. पाजताना रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, ते भाकरी-भाजी, वरण, उसळ, दूध, अंडी यांतूनही मिळतात.
- डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर आवडत असेल तर खा. दूध मात्र बाळाच्या ओढण्याने वाढते, लाडवांच्या संख्येने नाही.
- प्रत्येक पाजण्याला तांब्याभर पाणी हाताशी ठेवा आणि तहान लागेल तेवढे प्या.
- डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर द्या. आधी अंगावर, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, आणि वजन वाढू लागले की त्यांना विचारून कमी करा.
- दूध आटले असे वाटले तरी बाळाला लावत राहा. खंड पडलेले दूध पुन्हा सुरू होऊ शकते.

*दूध जोरात येते, बाळाला ठसका लागतो*

- मागे रेलून बाळाला वर घ्या. पहिला जोर कपड्यावर सोडून मग लावा.
- मध्ये थांबून ढेकर काढा.
- नाक चोंदले असेल तर पाजण्याआधी सलाइनचे थेंब घाला. नाक बंद असताना बाळ ओढू शकत नाही.

*काढलेले दूध आणि कामावर जाणे*

- हात साबणाने धुऊन, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात काढा आणि वर वेळ लिहा.
- बाहेर ४ तासांपर्यंत ठेवा, वैशाखात त्याहून कमी. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवसांपर्यंत.
- गावी वीज जात असेल तर त्याच दिवशी संपवा.
- गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा. वर साय आली असेल तर हलकेच हलवा.
- अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी जन्मानंतर काही तासांतच दूध काढायला लागा, दिवसातून आठ वेळा; थेंबसुद्धा नळीने पोहोचतो.
- डॉक्टरांच्या संमतीने अशा बाळाला कांगारूसारखे उघड्या छातीवर ठेवा. आई दमली की बाबांनी ठेवावे.
- आपले दूध पुरत नसेल तर दुग्धपेढीची चौकशी करा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून चालू आहे.
- रजा पूर्ण घ्या. कायद्यात बसणाऱ्या नोकरीत पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे मिळतात आणि परतल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्या.
- कामावर जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरच्यांना वाटी-चमच्याने पाजण्याची सवय करा.
- एसटी स्थानकावर पाजण्यासाठीचा हिरकणी कक्ष मागा. कुलूप दिसले तर नियंत्रकाकडून किल्ली घ्या, हक्काने.

*घरातल्यांनी*

- आई पाजत असताना तिच्या हाती पाणी द्या, पाठीशी उशी द्या आणि दार लोटून घ्या.
- बाबांनी ढेकर काढणे, लंगोट बदलणे, रात्री बाळाला उचलून आणून देणे अंगावर घ्यावे.
- बाळ बघायला येणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत चहा द्या. आत कोणाला घ्यायचे ते बाळंतीण ठरवेल.
- दोन आठवड्यांनंतरही ती सतत रडत असेल, झोपेना किंवा बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल तर डॉक्टरांकडे न्या. मानसिक आधारासाठी १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

*लगेच डॉक्टरांकडे जा*

- बाळ सलग दोन वेळा पीत नसेल, उठवूनही उठत नसेल, हातपाय गार पडले असतील.
- अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी क्रोसिन पाजून बघू नका.
- श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील तर १०८ लावा.
- तळहात-तळपाय पिवळे, टाळू खोल, शू विटकरी किंवा दिवसभरात जेमतेम एकदोनदा.
- हिरवी उलटी, किंवा शीमध्ये रक्त.

काय टाळावे

*तोंडी काहीही देणे*

- मध चाटवू नका, बोटाला लावूनही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.
- बाळगुटी, चाटण, ग्राइपवॉटर, साखरपाणी बंद ठेवा. पोटात तेवढी जागा कमी आणि जंतू जास्त.
- पाणी देऊ नका, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते.
- ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि डॉक्टरांचे औषध सोडून सहा महिने दुसरे काही नको.
- गाईचे, म्हशीचे, शेळीचे दूध वर्षापर्यंत मुख्य दूध म्हणून देऊ नका. पातळ केले तरी नाही.
- चीक पिळून टाकू नका. तो नासका नाही, बाळाचे पहिले संरक्षण आहे.

*घाईने बाटली*

- कोणी म्हणाले म्हणून वरचे दूध सुरू करू नका. लंगोट आणि वजन काय सांगतात ते आधी बघा.
- छाती मऊ झाली म्हणजे दूध आटले असे समजू नका; काही आठवड्यांनी ती मऊच राहते.
- हाताने किंवा पंपाने किती निघाले यावरून दूध मोजू नका. बाळ पंपापेक्षा चांगले ओढते.
- बाटली आणि चोखणी पहिला महिना तरी दूर ठेवा; पकड बिघडते आणि बाटली स्वच्छ राहत नाही.
- पावडर पुरवून पुरवून वापरू नका. पातळ दुधावर बाळ वाढत नाही, घट्ट दूध बाधते. डब्यावरचे माप तेच माप.
- बनवलेले पावडरचे दूध दोन तासांनंतर देऊ नका. उष्टे राहिलेले तर लगेच टाका.
- डब्याचा फुकट नमुना घेऊ नका. असे नमुने आयांना वाटायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे.
- ओळखीतल्या कोणाचे न तपासलेले दूध देऊ नका. दुग्धपेढीत ते तपासून, निर्जंतुक करून मिळते.
- वरचे दूध द्यावे लागले म्हणून स्वतःला बोल लावू नका. उपाशी बाळाला दूध हवे, आईचा पश्चात्ताप नको.

*पाजताना*

- डोके मागून छातीवर दाबू नका, बाळ उलट मागे खेचते. मानेला आणि खांद्याला आधार द्या.
- छाती बाळाकडे नेऊ नका, बाळाला छातीकडे आणा.
- दुखते आहे तरी दात-ओठ खाऊन तसेच पाजू नका. पहिल्या काही क्षणांनंतर दुखणे राहत असेल तर पकड सुधारा.
- घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बाजू बदलू नका. मागून येणारे दूध जास्त दाट असते, ते बुडेल.
- स्तनाग्रावरची सिलिकॉनची टोपी दुकानातून आणून स्वतःहून लावू नका; चुकीच्या मापाने दूध कमी होते.
- सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजता पाजता झोपू नका. बाळ गुदमरण्याचा धोका असतो.
- पाजताना बाळाच्या तोंडावर जाड पदर किंवा गोधडी ओढू नका.

*छातीची निगा*

- प्रत्येक पाजण्याला साबण लावू नका. कातडी कोरडी पडून चिरते.
- गाठ जोरजोराने चोळून फोडू नका. आतली सूज वाढते.
- बाम किंवा उग्र वासाचे तेल स्तनाग्राला लावू नका.
- गाठ आली म्हणून त्या बाजूने पाजणे थांबवू नका. साचलेले दूधच पुढे पिकते.
- घट्ट कपडा बांधून दूध दाबू नका.

*आईच्या ताटावर आणि औषधावर पहारा*

- बाळंतिणीला उपाशी किंवा निव्वळ मऊ भातावर ठेवू नका.
- फळे, डाळी, पालेभाज्या “बाळाला बाधतात” म्हणून सरसकट काढू नका. एखाद्या पदार्थावर बाळ खरेच दरवेळी त्रासत असेल तर तेवढाच थांबवून बघा.
- आईला सर्दी-ताप आला म्हणून पाजणे बंद करू नका. तोंडाला कपडा बांधा आणि पाजा.
- सर्दीच्या गोळ्या दुकानातून घेऊ नका, काहींनी दूध घटते. “बाळ अंगावर पिते” हे वाक्य प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा.
- इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी विचारल्याशिवाय सुरू करू नका.
- दूध वाढवण्याची गोळी मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेऊ नका.
- क्षयरोग, कावीळ ब किंवा एचआयव्ही आहे म्हणून घरच्या घरी दूध तोडू नका. उपचार चालू ठेवून बहुधा पाजता येते, निर्णय डॉक्टरांसोबत घ्या.
- मिश्री लावू नका, तंबाखू, विडी, दारू नको. निकोटिन दुधात उतरते.

*बाळंतपणाच्या खोलीत*

- बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी नको; धूर आई आणि बाळ दोघांच्या छातीत जातो.
- नाकात, कानात, टाळूवर तेल ओतू नका. टाळूला हात पुसला तरी पुरे.
- मालिशवाल्या मावशींना बाळाची छाती पिळू देऊ नका. तिथले दूध आपोआप जाते, पिळले की पिकते.
- दीड-दोन महिन्यांनंतर चार-पाच दिवस शी झाली नाही म्हणून पानाचा देठ किंवा साबणाची कांडी लावू नका. शी मऊ होत असेल आणि बाळ खेळत, पीत असेल तर ते बद्धकोष्ठ नव्हे.
- प्रत्येक गुळणीला उलटी म्हणू नका. वजन वाढते आहे ना, मग कपडा बदला.
- कोवळ्या उन्हावर काविळीचा उपचार सोडू नका. रक्त तपासायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

*बोलताना*

- “तुझे दूध पातळ आहे”, “आमच्या वेळी असे नव्हते”, “बाळ वाळले बघ” हे तिच्यासमोर म्हणू नका, खोलीबाहेरही नको. भिंती पातळ असतात.
- दुसरीच्या बाळाचे वजन तिला ऐकवू नका.
- रात्री उठवायला लागू नये म्हणून बाळाला परस्पर बाटली देऊ नका. तिला झोप हवी असेल तर तिने काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने द्या.
- बाळ पीत नाही, मलूल आहे, अशा वेळी आजूबाजूला सल्ले गोळा करत बसू नका.
- दृष्ट काढायची असेल तर डॉक्टरांकडे जायची रिक्षा येईपर्यंत काढा. मीठ-मोहऱ्यांसाठी रिक्षा थांबवू नका.